चार्ली ख्रिश्चनची मिंटन्सवाली एलपी : वाजवणं अफाट, कव्हरवरची माहिती मात्र भलतीच

आधी निकाल सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं वाचायला सगळ्यांना वेळ असतोच असं नाही. संगीताला पाचपैकी पाच. या एलपीला म्हणजे या छापाला पाचपैकी दोन, आणि ते दोनसुद्धा खड्डे न पडलेल्या स्वच्छ व्हिनाइलसाठी. ज्या दुकानातून घेतली त्या दुकानाला साडेचार, त्याचं कारण शेवटी येतं.

ठाण्यात नौपाड्यातल्या एका जुन्या-नव्या रेकॉर्ड्सच्या दुकानात ही मिळाली, १८० ग्रॅमची, चकचकीत, युरोपातल्या कुठल्यातरी छोट्या कंपनीची. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही कारण असल्या डझनभर कंपन्या आहेत आणि सगळ्यांचा धंदा थोड्याफार फरकाने हाच आहे. बावीसशे रुपये. वर गिटार घेतलेल्या चार्ली ख्रिश्चनचा फोटो, खाली मोठ्या अक्षरात ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी आणि पियानोवाला थेलोनियस मंक यांची नावं, मागे "रेकॉर्डेड लाइव्ह, न्यूयॉर्क, १९४२" आणि एवढंच. कोणी रेकॉर्ड केलं, कशावर केलं, ही तबकडी कुठून कॉपी केली, एक ओळ नाही. बावीसशे रुपये घेता आणि दोन परिच्छेद लिहायला जीव जातो का रे तुमचा?

आता ज्यांना चार्ली ख्रिश्चन कोण हेच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. जन्म टेक्ससमधल्या बॉनमचा, १९१६, वाढला ओक्लाहोमा सिटीत. इलेक्ट्रिक गिटार नवीन नवीन आली होती तेव्हा म्हणजे गिब्सनचं ईएस-१५० मॉडेल १९३६ चं, ती घेऊन हा माणूस १९३९ मध्ये क्लॅरिनेटवाल्या बेनी गुडमनच्या बँडमध्ये गेला. तोपर्यंत गिटार म्हणजे मागे बसून ठेका धरणारं वाद्य, ह्याने ती सॅक्सोफोनसारखी एकेका सुराने लांबलचक वाक्यं बोलायला लावली. आणि २ मार्च १९४२ ला टीबीने गेला, वय वर्षं फक्त पंचवीस. म्हणजे मोठ्या स्टेजवर जेमतेम दोन वर्षं. आज कोणीही इलेक्ट्रिक गिटारवर सोलो वाजवतो ना, तो कुठेतरी ह्याचंच देणं लागतो, मग त्याला माहीत असो नसो.

गुडमनबरोबरच्या त्याच्या स्टुडिओ रेकॉर्ड्समध्ये अडचण अशी की ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावायची, त्यात मालकाची क्लॅरिनेट, मग व्हायब्राफोन, मग बाकी सगळे, ह्याच्या वाट्याला येणार काय तर अर्धं-पाऊण मिनिट. म्हणून मिंटन्स ह्या न्यूयॉर्कच्या क्लबमधलं हे रेकॉर्डिंग एवढं मोलाचं, कारण तिथे त्याला कोणी थांबवत नाहीये. एकाच ट्यूनवर तो आवर्तनामागून आवर्तन घेत जातो आणि ट्रॅक आठ मिनिटांच्या वर जातो. ख्याल ऐकणाऱ्या माणसाला हा फरक सांगायला लागत नाही.

मिंटन्स प्लेहाऊस म्हणजे हार्लेममध्ये ११८व्या रस्त्यावर सेसिल हॉटेलच्या आवारातला एक बार. हेन्री मिंटन नावाच्या सॅक्सोफोन वाजवणाऱ्या माणसाने १९३८ मध्ये काढला, हा गृहस्थ संगीतकारांच्या युनियनमध्ये मोठा पदाधिकारी, आणि ते महत्त्वाचं होतं कारण युनियनच्या नियमाप्रमाणे फुकट जॅमिंग करताना पकडलं तर दंड व्हायचा, पण मिंटन्समध्ये शक्यतो कोणी तपासायला यायचं नाही. पुढे तिथला कारभार टेडी हिलकडे आला, त्याने सोमवारी रात्री अपोलो थिएटरच्या कलाकारांना जेवण घालायला सुरुवात केली. फुकट जेवण आणि वाजवायला मोकळीक, अजून काय पाहिजे. घरचा बँड म्हणजे पियानोवर मंक, ड्रम्सवर केनी क्लार्क, बासवर निक फेंटन, ट्रम्पेटवर जो गाय. ख्रिश्चन गुडमनची ड्युटी संपवून रात्री इकडे यायचा, त्याचा एक अँप्लिफायर इथेच ठेवलेला असायचा असं सांगतात.

आणि इथे आपला खरा हिरो येतो ज्याचं नाव माझ्या एलपीवर कुठेही नाही. जेरी न्यूमन. कोलंबिया युनिव्हर्सिटीतला विद्यार्थी, जॅझचं वेड, स्वतःचं तबकडी कापायचं मशीन घेऊन क्लबांमधून फिरायचा. टेप रेकॉर्डर अजून त्या बाजारात आलाच नव्हता, त्यामुळे हा प्रकार असा की अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा थर, त्यात सुई जागच्या जागी खाच कापत जाते, कापलेला धागा बाजूला सारत राहायचं, चकती भरली की उलटायची किंवा दुसरी लावायची, आणि तेवढ्या वेळात समोर जे काय वाजलं ते गेलं. शिवाय ती चकती एवढी मऊ की प्रत्येक वेळी वाजवली की थोडी झिजते. पोराने खिशातले पैसे घालून हे केलं म्हणून आपण आज ऐकतोय.

ह्या माणसाने आर्ट टॅटमलाही असंच १९४०-४१ मध्ये हार्लेमच्या उशिरा रात्रीच्या अड्ड्यांवर पकडलं होतं, ते १९७३ मध्ये एलपी म्हणून बाहेर आलं आणि त्याला ग्रॅमी मिळालं. तीस वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या पोराने बारमध्ये कापलेल्या तबकड्यांना ग्रॅमी, विचार करा.

तर मुद्दा. एलपी घरी आणली, लावली, पहिला ट्रॅक "स्विंग टू बॉप". सुरुवातच नाही. म्हणजे सुई टेकते आणि ख्रिश्चन आधीच सोलोच्या मध्यावर आहे, दरवाजा उघडला आणि आत मैफल ऐन रंगात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटेल एलपी खराब आहे, पण नाही, हे मूळचंच असं आहे, सगळ्या छापांत असंच आहे, न्यूमनची सुई तिथे टेकली म्हणून आपलं ऐकणं तिथून सुरू. ह्याबद्दल कंपनीला दोष नाही. पण हेच कव्हरवर लिहिलं असतं तर कोणी दुकानात परत करायला गेलं नसतं (गेलेत लोक, दुकानवाले काका सांगत होते).

दोष पुढे आहे. बी साइडला दुसरा ट्रॅक "चार्लीज चॉइस". चांगलाय, ओळखीचा वाटतोय, आणि दुसऱ्या आवर्तनाला माझी खात्री पटली की हे तर मगाचचंच! मोबाईलवर "स्विंग टू बॉप" लावलं, एलपीवर "चार्लीज चॉइस", दोन्ही एकत्र चालवली, आणि केनी क्लार्कच्या बास ड्रमचा अवेळी पडणारा दणका दोन्हीकडे त्याच जागी. जॅझमध्ये एकच माणूस तीच ट्यून दोनदा वाजवेल पण तोच दणका त्याच जागी, त्याच सुराच्या खाली, दोनदा पडणं शक्य नाही. एकच वाजवणं दोन नावांनी दोन बाजूंना छापलंय. बावीसशेत एक ट्रॅक डबल. वडापाव दोन सांगितले आणि एकच कापून दोन प्लेटमध्ये दिला तसा प्रकार.

मग मागे लागलो. आणि मजा अशी की ह्या ट्यूनचं नाव दोन्हीपैकी एकही नाही. ही आहे "टॉप्सी", एडगर बॅटल आणि एडी डरॅम यांची, काउंट बेसीच्या बँडने १९३७ मध्ये रेकॉर्ड केलेली, पुढच्या वर्षी खुद्द गुडमननेही केली. म्हणजे ख्रिश्चनला ती नीट पाठ असणारच. तुम्ही बेसीची "टॉप्सी" ऐका आणि मग हे ऐका, वरची चाल इथे नाही कारण तोवर सुई टेकलीच नव्हती, पण खालची कॉर्ड्सची चौकट तीच, ३२ बारचं आवर्तन (इथे बार म्हणजे चार मात्रांचा एक खंड), आठ-आठचे चार भाग, तिसरा वेगळा. चाल ऐकूच येत नसल्यामुळे ज्याला जे नाव सुचलं ते त्याने चिकटवलं.

१९४०च्या दशकाच्या अखेरीकडे वॉक्स कंपनीने हे ७८च्या तबकड्यांवर तुकडे करून काढलं तेव्हा "चार्लीज चॉइस". नंतर न्यूमनने स्वतःची कंपनी काढली, एसोटेरिक नावाची, तिच्या दहा इंची एलपीवर, "जॅझ इम्मॉर्टल" असं कायसं भारदस्त नाव देऊन, तेच झालं "स्विंग टू बॉप". आता १९४१ मध्ये हार्लेममध्ये बसून कोणी "स्विंगकडून बॉपकडे" असं नाव ठेवणं शक्यच नाही, कारण बॉप (म्हणजे बीबॉप, नाचाच्या स्विंगमधून निघालेला जॅझचा नवा प्रकार) हा शब्दच अजून बाजारात आला नव्हता, तो आला काही वर्षांनी. म्हणजे नाव हे पुढे काय झालं ते माहीत असलेल्या माणसाने मागे जाऊन लावलंय. नाव छान आहे, खरंही आहे एका अर्थी, पण त्या रात्रीचं नाही.

पुढे एसोटेरिकचं नाव काउंटरपॉइंट झालं, मग ते सगळं एव्हरेस्ट कंपनीकडे गेलं, त्यांनी स्वस्तातल्या मालिकेत काढलं, मधे "द हार्लेम जॅझ सीन १९४१" नावाने बारा इंची आली, सीडीच्या जमान्यात "आफ्टर आवर्स" नावाने. आणि युरोपातल्या छोट्या कंपन्यांनी तर किती नावांनी किती वेळा, मोजणाऱ्याने मोजावं.

बाकी ट्रॅक्सचीही तीच कथा. "अप ऑन टेडीज हिल" म्हणजे "हनीसकल रोझ"ची चौकट, नावात फक्त मॅनेजरवर कोटी केलीय. "केरुआक" म्हणजे जॅक केरुआक, लेखक, जो न्यूमनचा शाळेपासूनचा दोस्त, म्हणून मित्राचं नाव ट्यूनला. ह्या ट्रॅकवर डिझी आहे आणि ख्रिश्चनची गिटार ऐकूच येत नाही, तरी तो ख्रिश्चनच्या एलपीवर. उलट ज्या "स्विंग टू बॉप"साठी लोक ही एलपी घेतात त्यावर ट्रम्पेट जो गायचा आहे, डिझीचा नाही, पण माझ्या कव्हरवर सगळ्या ट्रॅक्सना डिझीचं नाव लावलंय कारण जो गायच्या नावावर एलपी खपत नाही. पियानोवर काही छापांत मंक, काही छापांत केनी कर्सी. माझ्या कव्हरवर अर्थातच मंक, मोठ्या टाइपात.

आणि ते १९४२. ख्रिश्चन १९४१ च्या उन्हाळ्यातच स्टेटन आयलंडवरच्या सीव्ह्यू सॅनिटोरियममध्ये दाखल झाला आणि तिथून घरी आलाच नाही. १९४२ चे दोन महिनेच त्याच्या वाट्याला आले, तेही खाटेवर. बहुतेक जुन्या नोंदींत १२ मे १९४१ ही तारीख आहे. कव्हर छापणाऱ्याने त्याच्या मृत्यूची तारीख एकदा गूगल केली असती तरी कळलं असतं. पण तेवढंही नाही.

आता तुम्ही म्हणाल कशाला एवढा कीस पाडायचा, संगीत ऐक ना बाबा. ऐकतोच. पण नाव चुकलं की पैसे पण चुकीच्या ठिकाणी जातात, हा माझा हिशोब बघा. युरोपात १९६३ च्या आधी प्रसिद्ध झालेल्या रेकॉर्डिंगवरचा हक्क संपलेला आहे, म्हणून तर एवढ्या कंपन्या हे छापतात, कोणाला काही द्यावं लागत नाही. पण रचनेचा हक्क वेगळा, तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं. ट्यूनखाली "चार्ली ख्रिश्चन" लिहिलं तर तो गेला १९४२ ला, म्हणजे २०१३ पासून फुकट. ट्यूनखाली "टॉप्सी, बॅटल आणि डरॅम" असं खरं लिहिलं तर एडी डरॅम गेला १९८७ ला, म्हणजे २०५७ संपेपर्यंत प्रत्येक एलपीमागे काहीतरी द्यावं लागणार. माझ्या एलपीवर रचनाकार कोण लिहिलाय ओळखा.

ह्यात जास्त टोचणारी गोष्ट म्हणजे डरॅम हा स्वतः इलेक्ट्रिक गिटारवाला, ख्रिश्चनच्याही आधी रेकॉर्डवर ती वाजवणाऱ्या अगदी पहिल्या मोजक्या लोकांमधला. जॅझमधल्या इलेक्ट्रिक गिटारचं एवढं गाजलेलं लाइव्ह रेकॉर्डिंग त्याच्याच ट्यूनवर, आणि त्याचंच नाव गायब.

आपल्याकडेही खासगी मैफलींच्या टेप्सचं असंच होतं. कोणाच्या तरी दिवाणखान्यातली स्पूल, तिची कॅसेट, कॅसेटची सीडी, सीडीचा व्हॉट्सॲपवर एमपीथ्री, आणि दर पायरीला तारीख, गाव, साथीदार गळत जातात. वाशीचा माझा एक मित्र ह्याच भानगडीत असतो, ट्रान्स हार्बरच्या लोकलमध्ये उभ्या उभ्या कानाला हेडफोन लावून तबलजी कोण ते ओळखत बसतो. त्यालाच फोन करून म्हटलं तुझी "आफ्टर आवर्स"ची सीडी आण रे. तो म्हणाला, "आणतो, पण वहिनींना सांग मिसळ करायला." आणली. मिसळ झाली.

दोन्ही शेजारी शेजारी ऐकल्या. एलपीवर आवाज "साफ" केलाय, म्हणजे खरखर काढताना केनी क्लार्कची सिंबल पण काढून टाकली. आता ही सिंबल म्हणजे किरकोळ गोष्ट नव्हे. त्याच्या आधीचे ड्रमर ठेका पायाने बास ड्रमवर धरायचे, ह्याने ठेका वर सिंबलवर नेला आणि पाय मोकळा केला, मग तो मोकळा पाय मधूनच, अनपेक्षित जागी दणका देतो, लोक त्याला बॉम्ब टाकणं म्हणायचे. सगळ्या बीबॉपची पायाभरणी हीच. ती सिंबलच पुसून टाकली तर दणके येतात पण ते कशाच्या विरुद्ध पडतायत ते कळत नाही. सीडीवर खरखर आहे, मागे बारमधली कुजबुज आहे, पण सिंबलही आहे. शिवाय एलपीचा सूर किंचित चढा आहे, आईच्या जुन्या पेटीवर पट्टी लावून बघितली, सीडी एका पट्टीजवळ नीट बसते, एलपी दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी लोंबकळते. म्हणजे कॉपी करताना वेग चुकलाय, आणि तो कोणी तपासला नाही.

एवढं सगळं सांगून झाल्यावर वाजवण्याबद्दल थोडं, नाहीतर वाटेल नुसती तक्रारच करतोय. हे ऐकाच. ख्रिश्चन काय करतो, पहिल्या दोन भागांत एखादा छोटासा तुकडा घेतो, साधा, गुणगुणता येईल असा, तो फिरवत ठेवतो, बँडला झोका देतो, आणि तिसरा वेगळा भाग आला की एकदम सुटतो, आठ बार न थांबता सलग धावती ओळ, श्वास घ्यायलाच नाही जागा, बारच्या सीमारेषा ओलांडून पलीकडे, आणि चौथ्या भागात परत त्या साध्या तुकड्यावर. हे दर आवर्तनाला, आणि दर वेळी वेगळं. क्लार्कला कळतं तो कधी सुटणार, तो बरोबर त्याच्या पायाखाली दणका ठेवतो. ही दोघांची बोलाचाली ऐकताना मला कायम वाटतं की तबलजीने गायकाच्या तानेचा शेवट आधीच ओळखून ठेवलाय.

आणि हे सगळं जपलं जाणं किती योगायोगाचं होतं तेही बघा. ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या संगीतकारांच्या युनियनने रेकॉर्डिंगवर बंदी घातली, मोठ्या कंपन्यांशी तंटा १९४४ पर्यंत चालला. म्हणजे स्विंगचं बीबॉप ज्या काळात होत होतं त्यातला मोठा तुकडा स्टुडिओत नोंदलाच गेला नाही. त्याच्या अगदी उंबरठ्यावरचं जे काही आपल्याकडे आहे त्यात ह्या न्यूमनच्या मऊ चकत्या फार वरच्या जागी.

तर घ्यायचं काय. एलपीच पाहिजे म्हणत असाल तर जुनी एसोटेरिक मिळणं कठीण आणि मिळाली तरी परवडणार नाही, त्यापेक्षा "आफ्टर आवर्स"ची सीडी शोधा, सेकंडहँडमध्ये पाचशे-सहाशेला मिळून जाते. कुठलाही छाप घेताना मागची बाजू वाचा : जेरी न्यूमनचं नाव आहे का, साल १९४१ आहे का, आणि "स्विंग टू बॉप" आणि "चार्लीज चॉइस" दोन्ही एकाच यादीत तर नाहीत ना. दोन्ही दिसले की ठेवून द्या. मागे "स्टीरिओ" लिहिलेलं दिसलं तरी ठेवून द्या, एका सुईने एका खाचेत कापलेल्या चकतीतून स्टीरिओ कुठून येणार, जुन्या काळी डावीकडे खर्ज आणि उजवीकडे तार ढकलून तसं छापायचे. स्ट्रीमिंगवर ऐकणार असाल तर तिथेही हाच गोंधळ आहे, पण निदान बावीसशे जात नाहीत.

आता दुकानाचे साडेचार. काकांना मी हे सगळं जाऊन सांगितलं, मला वाटलं वैतागतील. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला, मग दोन्ही ट्रॅक स्वतः लावून ऐकले आणि म्हणाले, "अहो, हे मला आधी कोणी सांगितलंच नाही. थांबा." उरलेल्या दोन कॉप्यांवर पिवळी चिठ्ठी लावली, "एक गाणे दोनदा आहे, साल चूक आहे", आणि किंमत पंधराशे केली. माझे सातशे परत देऊ केले, मी त्याऐवजी पुढच्या खरेदीसाठी त्यांच्याकडेच जमा ठेवले. अर्धा गुण फक्त ह्यासाठी कापला की ऐकायच्या टर्नटेबलची सुई बदलायला झालीय आणि दुपारी दीड ते साडेचार दुकान बंद असतं. गाडी नेऊ नका, गोखले रोडला पार्किंग मिळत नाही, स्टेशनवरून चालत जा.